बोलोन्यात शिकायला आलात? आधी पोस्टात जा

इटलीतल्या बोलोन्यात पाऊल ठेवलं की पहिल्याच पंधरवड्यात दोन कामं अंगावर येतात, एक सरकारी कागदांचं आणि दुसरं शहर पाहण्याचं. नवीन आलेली मुलं बहुधा ती वेगळी काढतात. आधी कागद उरकू, मग निवांत फिरू. तो निवांतपणा काही मिळत नाही, कारण तोवर लेक्चर्स सुरू होतात. मला विचाराल तर दोन्ही एकाच फेरीत करा. जुनं शहर चालत पालथं घालता येईल इतकं आटोपशीर आहे. ज्या पोस्टात राहण्याच्या परवान्याचा अर्ज द्यायचा, तिथून जुन्या विद्यापीठाची इमारत पाच मिनिटांवर आहे. सकाळी रांग, दुपारी भटकंती, असा क्रम लावला की दिवस फुकट गेल्यासारखा वाटत नाही.

उतरल्या दिवशी

विमानतळावरून मार्कोनी एक्सप्रेस नावाची एका रुळावरची गाडी सात-आठ मिनिटांत रेल्वे स्टेशनला आणते. भाडं बसच्या मानाने भरमसाठ आहे, पण हातात दोन बॅगा आणि पाठीवर तिसरी असेल तर मुकाट्याने तीच पकडा. ती स्टेशनच्या मागच्या अंगाला, बोलोन्यीना वस्तीच्या बाजूला सोडते. जुनं शहर स्टेशनच्या दुसऱ्या बाजूला आहे, हे लक्षात ठेवलं नाही तर बॅगा ओढत उलट्या दिशेला जाल.

स्टेशनचा गोंधळ पहिल्याच दिवशी समजून घ्या, पुढे गाडी चुकणार नाही. फलाट 3 आणि फलाट 3 ओवेस्त हे दोन वेगळे फलाट आहेत. ओवेस्त म्हणजे पश्चिम आणि एस्त म्हणजे पूर्व. हे फलाट मुख्य फलाटांच्या टोकांना आहेत आणि तिथवर चालायला वेळ लागतो. भरधाव गाड्या जमिनीखाली, 16 ते 19 या फलाटांवरून सुटतात. तिथे उतरायला सरकते जिने एकामागून एक लागतात, म्हणून दहा मिनिटं हाताशी ठेवा.

स्टेशनच्या दर्शनी भिंतीवरचं घड्याळ 10 वाजून 25 मिनिटांवर थांबलेलं आहे. ते बिघडलेलं नाही. 2 ऑगस्ट 1980 रोजी वेटिंग रूममध्ये बॉम्ब फुटला आणि 85 माणसं गेली, ती ही वेळ. दर वर्षी त्या दिवशी शहर मोर्चाने स्टेशनपर्यंत येतं. तुमच्या वर्गातल्या बोलोन्याच्या मुलांना ही तारीख आपल्याकडच्या 26 नोव्हेंबरसारखी पाठ असते, त्यामुळे घड्याळावरून विनोद करू नका.

दिशा कशी ओळखायची

मोबाइलचा नकाशा रस्त्याकडेच्या कमानींखाली अधूनमधून भरकटतो, म्हणून शहराचा सांगाडा डोक्यात बसवून घ्या. दोन खुणा पुरतात.

पहिली खूण चढाची. शहराच्या उत्तरेला सपाट मैदान आणि दक्षिणेला टेकड्या आहेत. पाय चढावर लागले की तुम्ही दक्षिणेला चाललात. स्टेशन उत्तरेला, म्हणजे उताराच्या बाजूला.

दुसरी खूण दोन मनोऱ्यांची. उंच तो अझिनेल्ली, सुमारे 97 मीटर. शेजारचा बुटका आणि पाहताक्षणी पोटात गोळा आणणारा, वाकडा, तो गारिझेंदा. दान्तेने आपल्या महाकाव्यात या वाकड्याचा उल्लेख केला आहे, म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही तो कललेलाच होता. ऑक्टोबर 2023 मध्ये गारिझेंदाच्या हालचालींची काळजी वाटू लागली, तेव्हापासून भोवती कुंपण आहे आणि अझिनेल्लीही चढायला बंद केला गेला. तुम्हाला त्याचं वाईट वाटायचं कारण नाही. पदवी मिळण्याआधी जो अझिनेल्लीच्या 498 पायऱ्या चढतो त्याला पदवी मिळत नाही, अशी इथल्या विद्यार्थ्यांची पक्की समजूत आहे. अगदी इंजिनिअरिंगची मुलंसुद्धा ती पाळतात.

या मनोऱ्यांच्या पायथ्याशी उभे राहा. इथून पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पाच रस्ते पंख्यासारखे फाकतात: झाम्बोनी, सान विताले, स्त्रादा माज्जोरे, सान्तो स्तेफानो आणि कास्तील्योने. प्रत्येक रस्ता जुन्या तटबंदीच्या एकेका वेशीवर जाऊन संपतो. तट बहुतेक पाडला गेला, त्याच्या जागी आता वर्तुळाकार हमरस्ता आहे, पण बऱ्याच वेशी शाबूत आहेत. पाठीमागे, पश्चिमेला रिझ्झोली आणि पुढे उगो बास्सी. स्त्रादा माज्जोरे ते उगो बास्सी ही सरळ रेघ म्हणजे इसवी सनापूर्वी 187 मध्ये रोमनांनी बांधलेला एमिलिया रस्ता. झाम्बोनी हा तुमचा रस्ता, कारण विद्यापीठाच्या बऱ्याच इमारती त्यावर आहेत. तेवढे पाच रस्ते ओळखीचे झाले की कुठल्याही गल्लीतून बाहेर पडलात तरी ठिकाण कळतं.

शनिवारी-रविवारी रिझ्झोली, उगो बास्सी आणि स्टेशनकडे जाणारा इंदिपेन्देन्झा हे रस्ते गाड्यांना बंद असतात. सामान घेऊन खोलीवर जायचं असेल तर हे दिवस टाळा. बसमार्ग वळवलेले असतात आणि टॅक्सीलाही वळसा पडतो.

आता पोस्ट

इटलीत राहायच्या परवान्याला परमेस्सो दी सोज्जोर्नो म्हणतात. देशात आल्यापासून आठ कामकाजाच्या दिवसांत त्याचा अर्ज करायचा असतो. अर्ज पोलिसांकडे नाही, पोस्टात जातो. ज्या पोस्टात स्पोर्तेल्लो आमीको अशी खिडकी असते तिथे किट म्हणून फॉर्मचं पाकीट फुकट मिळतं. पियाझ्झा मिंगेत्तीमधलं मोठं पोस्ट गावाच्या मध्यभागी आहे, तिथून सुरुवात करा.

पाकीट पहिल्या दिवशी फक्त घेऊन या. फॉर्म घरी काळ्या पेनाने, मोठ्या अक्षरांत भरा. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांच्या, प्रवेशपत्राच्या, विम्याच्या आणि पैशांच्या पुराव्याच्या झेरॉक्स जोडा. त्यावर 16 युरोचा मार्का दा बोल्लो लागतो. हा स्टॅम्प पोस्टात शोधू नका. रस्त्यावर पांढऱ्या टी अक्षराची निळी किंवा काळी पाटी दिसते ते तबाक्केरिया, म्हणजे सिगारेटचं दुकान. स्टॅम्प, बसचं तिकीट आणि मोबाइलचा रिचार्ज तिथेच मिळतो. पाकीट चिकटवून नेऊ नका, खिडकीवरचा माणूस आतले कागद तपासतो. पासपोर्ट जवळ ठेवा आणि पोस्टात शिरल्याबरोबर यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढा. चिठ्ठी न काढता खिडकीपाशी उभं राहिलात तर कोणी ओरडणार नाही, पण कोणी बघणारही नाही.

अर्ज दिल्यावर पावती मिळते, आणि बोटांचे ठसे द्यायला पोलिसांकडे कधी जायचं त्या तारखेचा कागद. पावती पासपोर्टइतकीच जपा. प्रत्यक्ष कार्ड हातात यायला कधीकधी महिने जातात, तोवर इटलीत तुमच्या राहण्याचा पुरावा ही पावतीच. मात्र व्हिसाची मुदत संपली असेल आणि हातात फक्त पावती असेल तर पॅरिस किंवा बर्लिनची तिकिटं काढू नका. पावतीवर इटलीत राहता येतं, शेजारच्या देशांत हिंडता येत नाही.

कोदिचे फिस्काले हा इथला करक्रमांक, आपल्या पॅन कार्डासारखा. भारतातून व्हिसासोबत मिळाला असेल तर उत्तम, नसेल तर कर खात्याच्या कचेरीत जाऊन घ्यावा लागतो. बँकेत खातं, खोलीचा करार, सगळीकडे तो मागतात, तेव्हा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

शिष्यवृत्तीसाठी एर-गो या प्रादेशिक संस्थेकडे अर्ज करणार असाल तर घरच्या उत्पन्नाचे आणि मालमत्तेचे कागद लागतात. अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा यासाठीचा सरकारी शिक्का आणि इटालियन भाषांतर भारतात असतानाच करून घ्या. इथे येऊन आई-बाबांना तहसील कचेरी आणि मंत्रालयाच्या चकरा मारायला लावणं म्हणजे घरी रोज रात्री भांडणाचा फोन. मुदतीची तारीख संस्थेच्या साइटवर पाहून भिंतीवर चिकटवा, ती हुकली की वर्ष गेलं.

पोस्टातून बाहेर पडल्यावर

काम झालं की चालत आर्किजिन्नाझिओला जा. 1563 मध्ये विद्यापीठाचे विखुरलेले वर्ग एका छताखाली आणण्यासाठी ही इमारत उभी राहिली. अंगणात जायला पैसे लागत नाहीत. वर पाहा: भिंती, छत, जिने, सगळीकडे हजारो रंगीत कुलचिन्हं. ही बहुतेक इथे शिकलेल्या विद्यार्थ्यांची, कुठून कुठून आलेल्या. वरच्या मजल्यावर लाकडी शवविच्छेदन कक्ष आहे, त्याला तिकीट आहे. 1637 चा हा कक्ष जानेवारी 1944 मधल्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला आणि नंतर ढिगाऱ्यातले मूळ तुकडे वापरून पुन्हा उभारला गेला. मधोमध संगमरवराचं टेबल, भोवती पायऱ्यापायऱ्यांची बाकं. वैद्यकशास्त्राशी संबंध नसला तरी एकदा पाहाच.

बाहेरच्या चौकात गाल्वानीचा पुतळा आहे. बेडकाच्या पायात वीज पाहणारा हाच तो, हातातल्या पाटीवरचा बेडूक न्याहाळत उभा.

तिथून दोन मिनिटांवर पियाझ्झा माज्जोरे. सान पेत्रोनियो चर्चचा दर्शनी भाग खाली संगमरवरी आणि वर नुसत्या विटांचा, बांधकाम 1390 ला सुरू झालं आणि तो भाग तसाच राहिला. आत जमिनीवर जवळपास 67 मीटर लांबीची पितळी रेघ आहे. कास्सिनी या खगोलशास्त्रज्ञाने ती 1655 मध्ये आखली. छताच्या भोकातून सूर्याची तबकडी खाली पडते आणि भर मध्यान्ही रेघेवरून सरकते. इथली मध्यान्ह घड्याळाच्या बाराला नसते. हिवाळ्यात सव्वाबाराच्या आसपास आणि उन्हाळी वेळ चालू असताना सव्वाएकच्या आसपास असते. दारावरची वेळ पाहून जा, आणि खांदे-गुडघे झाकलेले असू द्या.

चौकाच्या समोरच्या अंगाला पालाझ्झो देल पोदेस्ता आहे, त्याच्या खालच्या चौरस कमानीत कायम दोन माणसं भिंतीच्या कोपऱ्यात तोंड खुपसून उभी दिसतात. एका कोपऱ्यात कुजबुजलेलं तिरक्या समोरच्या कोपऱ्यात स्वच्छ ऐकू येतं. मराठीत बोला, कोणाला कळण्याची भीती नाही.

आणि नेपच्यूनच्या कारंज्याजवळ साला बोर्सा. जुनं शेअर बाजाराचं दालन, आता सार्वजनिक वाचनालय. प्रवेश मोफत. काचेच्या जमिनीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात. पहिल्या दिवसांत खोलीवर इंटरनेट नसतं, थंडी असते, घरमालकीण कपाळाला आठ्या घालून असते. तेव्हा बसायला गावात याहून चांगली जागा नाही. त्याच्याच बाहेरच्या भिंतीवर फॅसिस्टांशी लढताना मारल्या गेलेल्या तरुणांचे शेकडो छोटे फोटो लावले आहेत. त्यांतले कित्येक विद्यार्थ्यांच्याच वयाचे.

खोली

बोलोन्यात खोली मिळणं कठीण आहे, आणि ही रड नवी नाही. बाराव्या शतकापासून युरोपभरचे विद्यार्थी इथे कायदा शिकायला लोटले. विद्यापीठ आपली स्थापना 1088 ची मानतं. त्या काळी विद्यार्थ्यांच्या संघटनाच शिक्षक नेमत, पगार देत आणि उशिरा आलेल्या शिक्षकाला दंडही करत. एवढ्या माणसांना राहायला जागा नव्हती, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांबांचा टेकू दिला. रस्ते अडू लागले तेव्हा नगरपालिकेने अडवण्याऐवजी नियमच केला: 1288 च्या कायद्यानुसार नव्या घराला अशी ओवरी सक्तीची झाली, खालून घोडेस्वार जाईल एवढ्या उंचीची. जागा घरमालकाची, वाट सगळ्यांची. आज अशा पोर्तिकोंची लांबी 62 किलोमीटर भरते आणि 2021 मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. स्त्रादा माज्जोरेवरच्या कासा इझोलानीचे ओकच्या लाकडाचे उंच खांब तेराव्या शतकातले आहेत, तेवढे जरूर बघा. सगळ्या दगडी पोर्तिकोंचे पूर्वज कसे दिसत ते तिथे कळतं.

तर खोली. जाहिरातीत सिंगोला म्हणजे एकट्याची खोली, पोस्तो लेत्तो म्हणजे कुणाबरोबर तरी वाटून घ्यायच्या खोलीतला एक पलंग. जागा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय, निदान ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल, असं कोणी सांगितलं की तिथेच बोलणं थांबवा. करार नोंदणीकृत हवा, कोन्त्रात्तो रेजिस्त्रातो हे दोन शब्द पाठ करा. विद्यार्थ्यांसाठी 6 ते 36 महिन्यांच्या कराराचा वेगळा प्रकार आहे, तो मागा. शिवाय परदेशी माणसाला घरात ठेवलं की मालकाने 48 तासांत पोलिसांना कळवायचं असतं. त्या कागदाची प्रत मागून घ्या. जो मालक कागद करायला नाराज असतो, तो पुढे अनामत परत करायलाही नाराज असतो.

वस्ती निवडताना जुन्या शहराचा हट्ट धरू नका. स्टेशनमागची बोलोन्यीना, पूर्वेकडची सान दोनातो, या भागांतून झाम्बोनीवर यायला फार वेळ लागत नाही. शिवाय बोलोन्यीनात तुमचं किराणा सामान मिळतं.

रस्त्यात कोणी मातीमोल किमतीला सायकल देऊ केली तर ती चोरीची समजा. घेणाराही कायद्याने अडचणीत येतो. चांगली दिसणारी नवी सायकल तशीही टिकत नाही, जुनी घ्या आणि कुलूप दणकट घ्या. पोर्तिकोंखाली सायकल चालवायची नाही, हातात धरून न्यायची. पावसात तिथली गुळगुळीत फरशी चपलांना दगा देते, कोल्हापुरी घालून बाहेर पडू नका.

पोटाचं काय

इथल्या सारण भरलेल्या पास्त्यात दोन प्रकार. तोर्तेल्लीनी छोट्या, त्यांत डुकराचं मांस. तोर्तेल्लोनी मोठ्या, त्यांत बहुधा रिकोत्ता चीज. एका अक्षराचा फरक आहे आणि शाकाहारी माणसाने तो पहिल्याच दिवशी पाठ करावा. मांस नको एवढंच सांगितलं तर कधीकधी हॅमचे तुकडे येतात, म्हणून सरळ शाकाहारी आहे असं सांगा, मुलांनी वेजेतारियानो, मुलींनी वेजेतारियाना. पियादीना नावाची पोळी आणि तळलेल्या क्रेशेंतीने यांत स्त्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी असू शकते, विचारून घ्या. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ असतो. ते चालवायचं का हे ज्याचं त्याने ठरवावं.

घरी मात्र मजा आहे. कुठल्याही सुपरमार्केटात फारिना दी चेची असं लिहिलेली पुडी उचला, ते चण्याचं पीठ. झणझणीत पिठलं त्याच रात्री. सेमोलीनो म्हणजे रवा, लेंतिक्किए रोस्से म्हणजे मसूर डाळ. पोळ्यांसाठी मात्र इथली 00 नंबरची फारिना आणू नका, तो मैदा. कणीक, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, बासमती, हळद हे सगळं बांगलादेशी दुकानांत मिळतं. ती दुकानं रात्री उशिरापर्यंत आणि रविवारीही उघडी असतात, आणि दुकानातल्या चाचाला हिंदी येतं. कुकर मात्र घरून आणा. सुपरमार्केटात फळं-भाज्या उघड्या हाताने चिवडू नका, तिथे ठेवलेला प्लॅस्टिकचा हातमोजा घाला. वजन करून त्याचं लेबल लावायला विसरलात तर काउंटरवरून परत पाठवतात आणि मागची रांग उसासे टाकते.

नळाचं पाणी पिण्यासारखं आहे. बाटल्या विकत घेऊ नका.

थंडीचं जाकीट भारतातून आणू नका. शुक्रवारी-शनिवारी पियाझ्झा ओत्तो आगोस्तोमध्ये मोठा कपड्यांचा बाजार भरतो, जुने-नवे दोन्ही, तिथे स्वस्तात होतं. सकाळी लवकर जा.

पहिला मोकळा रविवार

सान लूकाला जा. पोर्ता सारागोझ्झा या वेशीपासून टेकडीवरच्या देवळापर्यंत सलग पोर्तिको जातो, 666 कमानी, साडेतीन किलोमीटरहून जास्त लांब. 1674 मध्ये काम सुरू झालं. वरची मेरीची तसबीर दर वर्षी मे महिन्यात मिरवत गावात आणतात, त्या मिरवणुकीवर पाऊस पडू नये म्हणून एवढा खटाटोप, आणि त्यासाठी गावातल्या माणसांनी कमानी-कमानीला वर्गणी दिली. दिंडीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मेलोंचेल्लोच्या कमानीपर्यंत वाट सपाट आहे, पुढे चांगलाच दम लागतो. पाणी बरोबर घ्या. सकाळी धावणारे, कुत्री, आज्या, सगळे तुम्हाला मागे टाकून जातात.

त्यानंतरच्या रविवारी जवळपासची शहरं, फेर्रारा, मोदेना किंवा रावेन्ना. रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडी पकडा, भरधाव गाडीची गरज नाही. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, मोबाइलवरचं असेल तर चढण्याआधी चेक-इन करायचं. तिकीट खिशात असूनही हे केलं नाही तर तपासनीस दंड करतो, आणि विद्यार्थी आहे, नवा आहे, असं कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. गावातल्या बसचं तसंच आहे: चढल्याबरोबर बँकेचं कार्ड यंत्रावर टेकवा, मग बसायला जागा शोधा.